सभेच्या नोटिसा, पाकिटं आणि आमचं झेरॉक्स मशीन : कामाच्या नोंदी

७ जुलै

यंदा आमच्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा आणि त्यांच्या पाकिटांवरचे पत्ते, दोन्ही ऑफिसातल्या मशीनवरच छापायचं असं आज ठरलं. काम माझ्याकडे आणि शिपाईमामांकडे. सभासद दोन हजारांच्या वर. एका घरात चार सभासद असले तरी प्रत्येकाच्या नावाने वेगळं पाकीट जातं, आणि ते तसंच गेलं पाहिजे.

मुदत पक्की आहे. सहकार कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सभा व्हायला हवी. आमच्या उपविधीत सभेआधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस लिहिलेली आहे. खेड्यापाड्यांत टपाल पोचायला लागणारा वेळ धरून मागे मोजत आलं की पाकिटं गणपतीच्या आधी टपालात पडायला हवीत. म्हणजे छपाईचे दिवस नेमके श्रावणातले, हवेत सगळ्यात जास्त ओल असलेले.

आतापर्यंत पत्त्यांची लेबलं छापून चिकटवायची पद्धत होती. पावसाळ्यात लेबलाचे कोपरे उचलतात, ते दुसऱ्या पाकिटाला चिकटतात आणि एका माणसाची नोटीस दुसऱ्याच गावाला जाते. शिवाय लेबलांचा अर्धा वापरलेला कागद परत मशीनमध्ये घालता येत नाही. सोललेल्या जागेवरचा डिंक आतल्या उष्णतेने मऊ होतो आणि रोलरला बसतो. सभेची नोटीस मिळणं हा सभासदाचा हक्क आहे. पाकिटावर त्याचं नाव शेवटपर्यंत टिकलं नाही तर तो हक्क कागदावरच राहतो. म्हणून पत्ता थेट पाकिटावर.

८ जुलै

वजनाचा हिशोब केला. साध्या पत्राचा टपालातला पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ए-४ कागद एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे ७५ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं, एक पान साधारण ४.७ ग्रॅम भरतं. ११० बाय २२० मिलिमीटरचं, ज्याला डीएल म्हणतात ते पाकीट ८० जीएसएमच्या कागदाचं असेल तर पाचेक ग्रॅम. दोन पानं आणि पाकीट मिळून पंधराच्या आत बसतं. तिसरं पान घातलं की काटा विसाच्या कडेला जातो. त्यात कागद सादळला की थोडा जडही होतो, वर तिकिटाचं आणि डिंकाचं वजन आहेच. तेव्हा दोन पानं, पाठपोट छपाई. विषयपत्रिका, ताळेबंद, नफा-तोटा आणि अंदाजपत्रक चार बाजूंत बसवायचं. संपूर्ण अहवाल ऑफिसात पाहायला मिळेल अशी ओळ शेवटी.

ए-४ च्या तीन घड्या केल्या की ९९ बाय २१० होतो. डीएलमध्ये तो अलगद सरकतो, कोंबावा लागत नाही.

१० जुलै

कागद कुठे ठेवायचा यावर आज बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

ऑफिस सांगलीच्या गावभागात. तळमजल्याच्या मागच्या भिंतीला पावसाळाभर ओल असते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळी खालच्या कपाटातले कागदाचे गठ्ठे पाण्याने फुगले आणि कपाटाची दारं आतून ढकलली गेली. पाणी उतरल्यावर ते गठ्ठे फावड्याने काढावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, पण तोवर मामांनी सगळा कागद माळ्यावर हलवलेला होता. तेव्हापासून साठा वरच असतो.

पण कागद खराब व्हायला पूर लागत नाही, दमट हवा पुरते. कागद हवेतली ओल सतत शोषतो आणि सोडतो. गठ्ठा उघडा राहिला की ओल आधी कडांतून शिरते. कडा फुगतात, मधला भाग तसाच राहतो, आणि कागदाच्या कडा उन्हातून काढलेल्या पापडासारख्या लहरतात. असा कागद मशीनमध्ये गेला की एक तर वाकडा शिरतो, नाही तर दोन-दोन पानं चिकटून जातात. मशीन बिघडलं म्हणून आपण फोन करतो आणि दोष कागदाचा असतो.

रीमचं, म्हणजे कागदाच्या बंद गठ्ठ्याचं, वेष्टण म्हणूनच महत्त्वाचं. त्याला आतून ओल न शिरणारा थर असतो. ठरवलेले नियम असे: रीम ट्रेमध्ये घालायच्या वेळीच फोडायची. उरलेली पानं त्याच वेष्टणात परत गुंडाळून चिकटपट्टी लावायची. खोकी फरशीवर नाही, लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. आणि माळ्यावरून आणलेली रीम मशीनच्या खोलीत बंदच रात्रभर ठेवायची, म्हणजे तिला खोलीची हवा मानवते. मामा म्हणाले, "ताई, तांदूळ ठेवतो तेवढं तरी जपायला पाहिजे याला." खरं आहे.

१४ जुलै

ट्रे भरण्याचा पहिला पाठ. आमच्याकडे आजवर ट्रेमध्ये कागद भरणं म्हणजे ट्रे ओढायचा, गठ्ठा टाकायचा, धाडकन लावायचा. दिवसातून दोन-तीनदा कागद अडकणं हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

आज नवीन लागलेल्या क्लार्क मुलीला बसवून सगळं सावकाश केलं. रीमच्या वेष्टणावर एका टोकाला बाण असतो, तो छपाईची पहिली बाजू दाखवतो. कागदाला बनतानाच दोन बाजू असतात, आणि उष्णता लागली की तो ठरलेल्या दिशेलाच वळतो. बाणाची बाजू पाळली तर वळलेला कागद निदान सोयीच्या दिशेला वळतो. मग गठ्ठा दोन्ही हातांत धरून एका कडेने वाकवायचा, सोडायचा, दुसऱ्या कडेने वाकवायचा. पानापानांत हवा गेली पाहिजे. मग टेबलावर ठोकून चारही कडा एकसारख्या करायच्या. ट्रेमध्ये आतल्या भिंतीवर कमाल उंचीची रेघ असते, तिच्या थोडं खालीच थांबायचं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गाइड, ट्रेमधल्या त्या सरकत्या पट्ट्या. त्या कागदाला नुसत्या टेकल्या पाहिजेत. सैल राहिल्या तर कागद तिरका जातो. जास्त दाबल्या तर मधून फुगतो आणि ओढणाऱ्या रोलरला नीट लागत नाही. शिवाय कागद केवढा आहे हे बऱ्याच मशीनना या पट्ट्यांच्या जागेवरूनच कळतं. पट्टी एक खाच इकडे-तिकडे झाली की ट्रेमध्ये ए-४ असूनही पडद्यावर दुसराच आकार दिसतो.

यातच लीगलचा घोळ येतो. आपल्या बाजारात लीगल किंवा एफएस म्हणून जो कागद मिळतो तो २१५ बाय ३४५ मिलिमीटरचा. मशीनमध्ये नुसतं 'लीगल' निवडलं तर ते अमेरिकी मापाचं, ३५६ मिलिमीटर लांबीचं पान धरून चालतं. कागदाची शेपूट त्याच्या अंदाजापेक्षा ११ मिलिमीटर आधी संपते, आणि ते जॅम म्हणून थांबतं. कर्जाच्या कागदपत्रांचा ट्रे वरचेवर अडकायचा तो यामुळेच. माप हाताने टाकून 'इंडियन लीगल' नावाने साठवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत तो ट्रे एकदाही थांबला नाही.

ट्रेमध्ये थोडी पानं उरलेली असताना वर नवी रीम चढवायची नाही, हाही नियम केला. जुनी पानं काढायची, नवी खाली, जुनी वर, आणि सगळा गठ्ठा एकत्र मोकळा करून मग लावायचा.

१५ जुलै

पाठकोऱ्या कागदांवर चर्चा झाली. वसुली विभागातले अण्णा काटकसरी माणूस, एका बाजूने छापलेले कागद पुन्हा मशीनमध्ये घालायचा त्यांचा आग्रह असतो. त्यांच्या काटकसरीचा मला आदर आहे. पण पाठकोऱ्या कागदात टाचण्या आणि स्टेपलच्या पिना राहतात, आणि एक पीन अक्षरं उमटवणाऱ्या ड्रमवर किंवा टोनर (छपाईची पूड) तापवून कागदावर बसवणाऱ्या फ्यूजरवर जो ओरखडा काढते तो पुढच्या प्रत्येक पानावर रेघ बनून येतो. पहिल्या छपाईत वळलेला कागद, त्यावर आधीचा टोनर, तो पुन्हा तापणार, मऊ होणार. एका ड्रमच्या किमतीत किती रीम येतात हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं. पाठकोऱ्या कागदांची आता शिवून कच्ची वही करायची. अण्णा लगेच राजी झाले आणि पहिली वही त्यांनीच मागून घेतली.

१८ जुलै

गणपती पेठेतून पाकिटांचे नमुने आणले, नंतर छापखान्यात गेले. संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह पाकिटावर आधीच छापून घ्यायचं, आपण फक्त पत्ता टाकायचा.

छापखान्याच्या काकांना आधीच सांगितलं की ही पाकिटं पुढे लेझर मशीनमधून जाणार आहेत. ते लगेच म्हणाले, "मग उठावाची छपाई नको, वितळेल." बरोबर. उठावदार अक्षरांसाठी जी पावडर वापरतात ती उष्णतेने फुगवलेली असते. फ्यूजरमध्ये साधारण १८० ते २०० अंशांचा रोलर फिरतो, तिथे ती परत मऊ होऊन रोलरला चिकटणार. साधी ऑफसेटची शाई, ती पूर्ण वाळायला आठवडाभर द्यायचा, मगच आमच्याकडे पाठवायची, असं ठरलं. अर्धवट वाळलेल्या शाईतलं तेलही रोलरवर उतरतं.

नमुन्यांपैकी हे बाद: प्लास्टिकच्या खिडकीचं, कारण तो पापुद्रा उष्णता सोसेल याची दुकानदाराला खात्री नव्हती. पट्टी सोलून चिकटवायचं, कारण पट्टीखालचा डिंक सतत ओलाच असतो. दोऱ्याचं किंवा धातूच्या कडीचं तर विचारातच घ्यायचं नाही. राहिलं साधं डिंकाचं, ओलं करून चिकटवायचं पाकीट.

त्यातही दोन प्रकार निघाले. एकात मागचे जोड तिरके, कोपऱ्यांकडून मध्याकडे येणारे. दुसऱ्यात जोड दोन्ही बाजूंना कडेला, सरळ. दिसायला तिरक्या जोडाचं पाकीट जास्त रुबाबदार. दोन्हींची थोडी थोडी पाकिटं चाचणीला घेतली.

२३ जुलै

पहिली चाचणी. पाकिटं चुरगळून आली.

चुरगळली म्हणजे सगळीकडून नाही. पुढची कडा अगदी नीट, पत्ताही ठीक, पण मागच्या टोकाला, जिथे पाकीट शेवटी बाहेर पडतं तिथे, आडवी चुणी. मामांनी एक पाकीट उजेडात धरलं आणि म्हणाले, "ताई, आत हवा अडकायलीय. पुढनं दाबत येतंय मशीन, हवा मागं ढकलतंय, आणि शेवटाला जायला वाटच नाही तिला."

नेमकं हेच घडतं. पाकीट हा दुहेरी कागद आहे. फ्यूजरचे दोन रोलर एकमेकांवर दाबून असतात, एक तापलेला, एक नुसता दाब देणारा. एका पानाला तो दाब लागतोच, त्याशिवाय टोनर बसत नाही. पण दोन थर असले की वरचा थर आणि खालचा थर एका वेगाने सरकत नाहीत. त्यांच्यातला फरक आणि अडकलेली हवा दोन्ही मागे मागे साचत जातात आणि शेवटी घडी पडते.

तिरक्या जोडाच्या पाकिटांत आणखी एक दोष दिसला. भिंग घेऊन पाहिलं. पत्ता पाकिटाच्या मध्यावर येतो आणि जोडाची जाड कडा नेमकी त्याच्याच खालून जाते. त्या कडेच्या लगेच बाजूला कागद किंचित खोल राहतो, तिथे टोनर पोचत नाही. आडनावाची शिरोरेषा मधेच तुटलेली, 'पाटील' मधली वेलांटी अर्धी. रोमन अक्षरांत अशी एक बारीक फट खपून जाईल, पण देवनागरीत सगळी ओळ त्या एका रेषेला लटकलेली असते, तिथे तुटलं की नजर अडखळते. सरळ जोडाच्या पाकिटावर तोच पत्ता अखंड आला. तिरकी पाकिटं बाद.

२४ जुलै

मशीनच्या देखभालीचा मुलगा आला. फार चांगला मुलगा, कुपवाडकडची बरीच ऑफिसं सांभाळतो, घाई असूनही प्रत्येक गोष्ट दाखवून करतो.

त्याने बाजूचं झाकण उघडून फ्यूजरच्या दोन्ही टोकांना असलेले छोटे रंगीत खटके दाखवले. ते खाली केले की दोन रोलरमधला दाब कमी होतो. ते पाकिटांसाठीच दिलेले असतात. पाकिटं झाली की न विसरता परत वर करायचे, नाही तर साध्या कागदावर टोनर नीट बसत नाही आणि बोटाने पुसला जातो. सगळ्या मशीनना असे खटके नसतात, आमच्याला आहेत.

दुसरं, मशीनला कागदाचा प्रकार सांगायचा. नुसतं माप सांगून भागत नाही. बायपास ट्रे, म्हणजे बाजूने हाताने कागद भरायचा ट्रे, त्याच्यासाठी पडद्यावर 'पाकीट' निवडलं की मशीन वेग कमी करतं आणि उष्णता त्या जाडीला जुळवून घेतं. संगणकावरून छापायला पाठवताना तिथेही तेच माप आणि तोच प्रकार हवा. दोन्हीकडे वेगवेगळं असलं की मशीन कागदाची वाट बघत थांबून राहतं आणि सगळे म्हणतात की हँग झालं.

"दादा, खालच्या नेहमीच्या ट्रेमध्ये भरता येतील का पाकिटं? दहा-दहाने किती वेळ बसायचं?" असं विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, काही मॉडेलला वेगळा जोड मिळतो, तुमच्याला बायपासच. आणि दहाच्या वर घालू नका." पुस्तिकेतही दहाच लिहिलंय.

जाताना त्याने बायपासचा ओढणारा रोलर दाखवला. पाकिटांच्या कापलेल्या कडांची धूळ त्यावर पांढरी बसली होती. पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कपड्याने पुसायचा. थिनर, पेट्रोल अजिबात नाही, रबर कडक होतं आणि मग ते कागदावरून नुसतं घसरतं.

२९ जुलै

नागपंचमी. शिराळ्याकडचे दोघे रजेवर. छापखान्यातून पाकिटं आली, सरळ जोडाची. खोक्यांवर तारीख टाकून माळ्यावर ठेवली.

४ ऑगस्ट

दिशा. या एका गोष्टीवर जेवढा गोंधळ होतो तेवढा दुसऱ्या कशावरच होत नाही.

डीएल पाकीट आडवं जात नाही, अरुंद टोक पुढे करून जातं. म्हणजे पाकिटाचं तोंड एका बाजूला येतं. फ्लॅप, म्हणजे तोंड बंद करायची दुमडती पट्टी, मिटलेला ठेवायचा. पाकिटाची पुढची बाजू वर की खाली, फ्लॅप डावीकडे की उजवीकडे, हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं आणि लक्षात राहत नाही. म्हणून रद्दीतले ए-४ कागद ११० बाय २२० असे कापले, एका कडेला पेन्सिलीने फ्लॅप काढला, वरच्या बाजूला फुली मारली आणि ते आत पाठवले. फुली कुठे आली, पत्ता फ्लॅपच्या हिशोबाने सुलटा आला की उलटा, हे एका चिठ्ठीत कळतं, पाकीट वाया जात नाही. आमच्याकडे पत्ता उलटा येत होता, संगणकावर १८० अंश फिरवा ही खूण केली आणि सुलटा झाला. लेटरहेडचं, छापील फॉर्मचं, कशाचंही असंच करावं. पेन्सिलीची एक फुली कुठल्याही मशीनचं उत्तर देते.

जी चिठ्ठी बरोबर आली तीच बायपास ट्रेच्या वर चिकटवून टाकली, खाली बाण काढून. आता कोणीही पाकिटं भरू शकतं, मला किंवा मामांना विचारावं लागत नाही.

दहाची मर्यादा का, हेही आज हाताला कळलं. फ्लॅपच्या बाजूला कागदाचे थर जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. पाकिटं एकावर एक ठेवत गेलं की चळत एका बाजूला उंच होते. रोलर उंच बाजूला आधी धरतो, पाकीट तिरकं ओढलं जातं. दहापर्यंत हा फरक चालतो. त्यातही मामांची पद्धत अशी: दहा पाकिटं टेबलावर ठेवायची, वरून लाकडी पट्टी बंद टोकाकडून उघड्या तोंडाकडे घट्ट फिरवायची म्हणजे आतली हवा निघते. मग जे टोक आधी आत जाणार त्याची घडी अंगठा आणि तर्जनीने एकेक करून चिमटायची. ही चिमट महत्त्वाची. पुढची कडा फुगीर असली की रोलर तिला वाकवतो आणि कोपरा दुमडतो.

नव्या मुलीने विचारलं की एवढं प्रत्येक दहाला करायचं का. हो, प्रत्येक दहाला. पट्टी फिरवायला लागणारा वेळ कागद अडकल्यावर मशीन उघडायला लागणाऱ्या वेळेपुढे काहीच नाही.

११ ऑगस्ट

नोटिसांची पाठपोट छपाई सुरू. पहिली बाजू छापताना कागद तापतो, त्यातली ओल उडते, तो वळतो, आणि वळलेलाच मागच्या बाजूसाठी परत आत जातो. सादळलेल्या रीममध्ये उडायला ओल जास्त, म्हणून वळणही जास्त. वेष्टणातून नुकत्या काढलेल्या कोरड्या रीमवर काम सरळ चाललं. एका जुन्या, अर्धवट उघड्या राहिलेल्या रीमवर मागच्या बाजूला अडकू लागलं, ती बाजूला काढून कच्च्या कामाला दिली.

बाहेर येणारा गठ्ठा गरम असताना लगेच घडी घालायची नाही. जरा निवू द्यायचा, सपाट होतो. ताळेबंदातले आकडे बारीक आहेत, घडीच्या रेषेवर आकडा येऊ नये म्हणून तक्ता चार मिलिमीटर वर सरकवला. सभासदाने नोटीस उघडल्यावर 'ठेवी' समोरचा आकडा घडीत पुसट दिसता कामा नये. वयस्कर माणसं तेवढाच आकडा आधी बघतात.

१९ ऑगस्ट

पावसाची उघडीप नाही. कोयनेतून विसर्ग सुरू, नदीकाठचे लोक पुलावर पाणी बघायला जातायत. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ. छापून झालेल्या नोटिसा मामांनी न सांगताच प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर नेल्या.

आज पाकिटं छापली नाहीत. डिंकाच्या पट्ट्या दमट हवेने चिकट झाल्यात, काही फ्लॅप आपोआप बंद झालेत. अशी पाकिटं ओढून उघडली तर कागद फाटतो. देखभालीच्या मुलाला फोन केला. त्याच्या सांगण्यावरून मशीनच्या तळाशी असलेला हीटरचा बटण चालू केला आणि रात्री प्लग काढायचा नाही असं ठरवलं. ट्रेखालचा तो छोटा हीटर मशीन बंद असतानाही कागद कोरडा ठेवतो. पाकिटांची लागणारी खोकी तेवढी दिवसभर मशीनच्या खोलीत, बंदच, वर साठ वॅटचा दिवा लावलेल्या कपाटात ठेवली.

२२ ऑगस्ट

ऊन पडलं. सकाळी लवकर बसलो, मी, मामा आणि नवी मुलगी. मामा पट्टी फिरवणार, ती चिमटून ट्रेमध्ये लावणार, मी बाहेर येणारं प्रत्येक पाकीट बघणार.

यादी पिनकोडप्रमाणे लावून घेतली होती. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहेत आणि टपालाची विभागणी अजूनही त्यावरच होते. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, तासगाव ४१६३१२. जिल्हा एकच असला तरी वाळवा, शिराळा आणि विट्याकडचे पत्ते ४१५ ने सुरू होतात, ते वेगळे काढले. छापतानाच हा क्रम ठेवला की नंतर गठ्ठे बांधताना शोधाशोध नाही. आणि छपाई मधेच थांबली तर कुठल्या गावापर्यंत झालं हे लगेच कळतं.

दर काही चळतींनंतर एका पाकिटावरचा पत्ता अंगठ्याने जोरात घासून पाहिला. डागला नाही. ओल्या बोटानेही पाहिला, कारण पोस्टमनच्या पिशवीत पाऊस शिरणारच. दुपारनंतर फ्यूजर तापून पाकिटं जरा वळायला लागली तेव्हा चहाची सुट्टी घेतली, मशीनलाही निवायला दिलं. एखादं पाकीट तिरकं गेलं ते बाजूला काढून पुन्हा छापलं. मशीन उघडून कागद ओढून काढायची वेळ दिवसभरात क्वचितच आली, आणि तेव्हा मामांनी तो कागद जाण्याच्या दिशेने, दोन्ही हातांनी, न फाटता काढला. फाटलेला तुकडा आत राहिला की तो सेन्सरसमोर बसतो आणि मग सगळं काम ठप्प होतं.

संध्याकाळी व्यवस्थापक साहेब येऊन पाकिटं चाळून गेले. त्यांनी स्वतःच्या आईच्या नावाचं पाकीट शोधलं, पत्ता वाचला आणि मामांना नमस्कार केला. मामांना तो मिळायला हवाच होता. ऑफिसात कागद भरणाऱ्या हातांकडे कोणी बघत नाही, आणि यंदाचं सगळं काम त्या हातांवर उभं होतं.

२५ ऑगस्ट

गठ्ठे बांधून टपालात दिले. सगळ्या पाकिटांची तोंडं एका बाजूला, पत्ते एका दिशेला, पिनकोडप्रमाणे चिठ्ठ्या लावून. खिडकीवरच्या बाईंनी वरचा गठ्ठा उलटून पाहिला आणि विचारलं, कुठल्या छापखान्यातून छापले पत्ते. मामांनी सांगितलं, आमच्याच ऑफिसात.

२६ ऑगस्ट

फ्यूजरचे खटके परत वर केले, साध्या कागदावर पान काढून अंगठ्याने घासून पाहिलं, पक्कं आहे. बायपासचा रोलर पुसला.

उरलेली पाकिटं हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, झाकणावर महिना लिहून. मिरज शाखेतून फोन होता, त्यांनाही पुढच्या वर्षी पत्ते मशीनवरच छापायचेत. फुली मारलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, पण सांगितलं की तुमचं मशीन वेगळं, तुमची फुली तुम्हीच मारून बघा. मामा गौरी-गणपती झाले की एक दिवस तिकडे जाऊन पट्टी कशी फिरवायची ते दाखवणार आहेत.

संचालकांना पूर्ण अहवाल जायचा राहिलाय. त्याला सी-४ पाकीट, २२९ बाय ३२४, तोंड अरुंद बाजूला. ते बंद टोक पुढे आणि तोंड मागे ठेवून पाठवायचं, म्हणजे हवेला निघायला वाट राहील. मोजकीच आहेत, उद्या गणपती बसतायत, त्यामुळे परवा.